शल्य आणि व्रण

काशीक्षेत्राचे नाव शल्यचिकित्सेच्या इतिहासाशी फार प्राचीन काळापासून निगडित आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुत व त्याचे सहाध्यायी यांना शल्यतंत्राचा उपदेश केला, अशी ‘सुश्रुतसंहिते’ची मांडणी आहे. हा ग्रंथ एकाच काळी एका हाताने लिहिला गेला नसून त्यात निरनिराळ्या काळांचे थर आहेत, असे विद्वानांचे मत आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती डल्हणाच्या टीकेसह प्रसिद्ध केली, आणि वैद्यकाच्या अभ्यासकांना तो ग्रंथ सहज उपलब्ध झाला.

या ग्रंथात ‘शल्य’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. शरीराला पीडा देणारी कोणतीही वस्तू म्हणजे शल्य होय. बाणाचे टोक, काटा, बांबूची किंवा लाकडाची काडी, हाडाचा तुकडा अशी कितीतरी शल्ये सुश्रुताने मोजली आहेत. मांसात दडलेले आणि डोळ्यांना न दिसणारे शल्य ओळखावे कसे, हा प्रश्न त्याने एका स्वतंत्र अध्यायात हाताळला आहे. संशयित जागेच्या त्वचेवर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. जेथे तूप लवकर वितळेल अथवा लेप लवकर वाळेल तेथे शल्य आहे असे समजावे, असे तो सांगतो. दाह झालेल्या जागी उष्णता वाढते, या साध्या निरीक्षणाचा हा उपयोग आहे. सोने, रुपे, तांबे यांसारख्या धातूंची शल्ये दीर्घकाळ शरीरात राहिली तर विरून जातात, परंतु शिंग, दात, केस, हाड, लाकूड व दगड विरत नाहीत, असेही त्याने नमूद केले आहे. यांपैकी धातूंविषयीचे विधान आज मान्य होण्यासारखे नाही. तरीसुद्धा कोणती परकी वस्तू शरीर सहन करते आणि कोणती करीत नाही, हा प्रश्न त्याला पडला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

आत राहिलेल्या शल्यामुळे जो दीर्घकाळ वाहणारा व्रण निर्माण होतो, त्याला सुश्रुताने ‘नाडीव्रण’ म्हटले आहे. नळीसारख्या मार्गाने त्यातून स्राव होत राहतो. त्यावरील उपायही त्याने थोडक्यात सांगितला आहे: नाडी चिरावी, शल्य काढून टाकावे, मार्ग शुद्ध करावा आणि मग व्रण भरून आणावा. सुश्रुताला रोगजंतू माहीत होते असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. पण जोपर्यंत परकी वस्तू आत आहे तोपर्यंत व्रण भरत नाही, हा अनुभवाचा निष्कर्ष मात्र आजही खरा ठरतो.

वैद्याने स्वतः ठेवलेले शल्य

सुश्रुताच्या काळी शल्य हे शत्रूच्या बाणाने किंवा अपघाताने शरीरात शिरत असे. विसाव्या शतकात परिस्थिती उलटी झाली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाची गती राखणारे विजेचे यंत्र एका रुग्णाच्या शरीरात प्रथमच संपूर्णपणे बसविले. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु त्यानंतर वीसहून अधिक यंत्रे बदलून घेत तो रुग्ण २००१ सालापर्यंत जगला. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी धातू आणि प्लास्टिक यांचा खुब्याचा सांधा बसविण्याची पद्धत रूढ केली. पुढे अंतर्गळावर प्लास्टिकची जाळी, हाडात पट्ट्या व स्क्रू, हृदयात कृत्रिम झडपा बसविणे ही नित्याची बाब झाली. ज्या शल्याला काढून टाकणे हे वैद्याचे कर्तव्य होते, तेच शल्य आता तो जाणूनबुजून आत ठेवू लागला, आणि असंख्य रुग्ण त्याच्या आधारावर जगू लागले.

परंतु शरीराने ही नवी परिस्थिती आपखुशीने स्वीकारलेली नाही. १९५७ साली एलेक आणि कोनेन या इंग्लंडमधील संशोधकांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. निरोगी माणसाच्या त्वचेत पू निर्माण करण्यासाठी पुवाचे जंतू लक्षावधींच्या संख्येने टोचावे लागत. पण त्याच जागी रेशमाचा एक टाका असेल तर सुमारे दहा हजारपटीने कमी जंतू पुरेसे होत. एका साध्या धाग्याने शरीराची प्रतिकारशक्ती इतकी दुबळी होत असेल, तर धातूची पेटी, तारा किंवा जाळी यांच्याभोवती काय घडू शकेल याची कल्पना करता येते.

याचे कारण पृष्ठभागात आहे. रोपणाच्या वस्तूला रक्तपुरवठा नसतो. तिच्या पृष्ठभागावर प्रथम शरीराच्या पेशी चिकटल्या तर ती शरीरात मुरून जाते. प्रथम जंतू चिकटले तर ते तेथे घर करतात. ही एक शर्यतच आहे, असे अमेरिकन संशोधक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली दाखवून दिले. एकदा चिकटलेले जंतू आपल्याभोवती चिकट द्रव्याचा थर तयार करतात. नदीच्या घाटावरील पायऱ्यांवर साचलेल्या बुळबुळीत शेवाळाची आठवण यावी असा हा थर असतो. त्याला ‘जैवपटल’ असे नाव आहे. बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हृदयाच्या यंत्राच्या तारेवर असे पटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. या पटलात दडलेल्या जंतूंपर्यंत शरीराच्या पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत. औषध पोहोचले तरी त्यातील कित्येक जंतू सुप्तावस्थेत असतात, आणि वाढणाऱ्या जंतूंनाच मारणारी औषधे त्यांच्या बाबतीत निष्प्रभ ठरतात.

क्षयजंतूंचे दूरचे भाऊबंद

रोपणाभोवतीच्या बहुसंख्य संसर्गांना त्वचेवर नेहमी आढळणारे जंतूच कारणीभूत असतात. परंतु काही थोड्या रुग्णांत वेगळ्याच प्रकारचे जंतू सापडतात, आणि दुर्मीळ असल्यामुळेच ते अधिक फसवे ठरतात. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. त्याच्या कवचात मेणासारखी द्रव्ये असल्यामुळे त्याने एकदा रंग घेतला की तो आम्लानेही सहज धुतला जात नाही. या गुणधर्माचे इतरही अनेक जंतू निसर्गात आहेत. ते माती, ओढे, नदी, विहिरी, इतकेच काय पण नळाच्या पाण्यातही राहतात. १९०३ साली जर्मनीतील फ्रीडमान यांना त्यांपैकी एक समुद्री कासवाच्या फुप्फुसात आढळला. कासवाच्या ग्रीक नावावरून त्याला ‘मायकोबॅक्टेरियम केलोनी’ म्हणतात. ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ याचे वर्णन १९३८ साली ब्राझीलमध्ये इंजेक्शनानंतर झालेल्या गळवावरून करण्यात आले. ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’ १९५३ साली गुडघ्याच्या गळवातून मिळाला. १९५९ साली रन्यन यांनी या जंतूंचे वर्गीकरण केले, तेव्हा हे तिन्ही ‘शीघ्र वाढणाऱ्या’ गटात गेले. क्षयजंतूला वाढण्यास दोन ते आठ आठवडे लागतात. हे मात्र सात दिवसांच्या आत दिसू लागतात.

निरोगी त्वचेतून आत शिरण्याची शक्ती या जंतूंपाशी नसते. सुई, चीर, नळी किंवा रोपण यांनी दार उघडून दिले तरच ते आत येतात. त्यांपैकी काहींना शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा थोडा थंडावा अधिक मानवतो, त्यामुळे त्वचा आणि तिच्याखालची चरबी ही त्यांची आवडती जागा ठरते.

अशा रुग्णाची कहाणी साधारणतः ठरावीक असते. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते, टाके काढले जातात, जखम भरते आणि रुग्ण घरी जातो. तीन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, व्रणाच्या खुणेजवळ एक घट्ट गाठ येते. ती फारशी दुखत नाही, ताप नसतो. हळूहळू त्वचा जांभळट होते, गाठ फुटते आणि पातळ स्राव वाहू लागतो. नेहमीची प्रतिजैविक औषधे दिली जातात, काही दिवस बरे वाटते, आणि शेजारी दुसरी गाठ उभी राहते. पुवाची तपासणी केली तर ‘जंतू आढळले नाहीत’ असा निकाल येतो, कारण प्रयोगशाळेत सामान्यतः दोन दिवसांनी नमुना टाकून दिला जातो आणि या जंतूंना त्याहून अधिक दिवस लागतात.

भारतात यात आणखी एक गुंता आहे. क्षयरोग आपल्याकडे सर्वत्र आढळतो. पुवात आम्लाने न धुपणारे जंतू दिसले, की तो क्षयच असे समजून क्षयाची औषधे सुरू होण्याचा संभव असतो. परंतु या जंतूंपैकी बहुतेकांवर आयसोनियाझिड, पायरॅझिनामाइड यांसारखी क्षयावरील प्रमुख औषधे चालत नाहीत. महिनोगणती औषधे घेऊनही व्रण वाहत राहतो. रुग्ण खचतो, आणि घरात क्षय शिरला असे समजून कुटुंबही धास्तावते. वस्तुतः हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही. म्हणूनच जंतूची जात निश्चित करणे हे उपचाराचे पहिले पाऊल होय. आग्रा येथील जालमा ही राष्ट्रीय संस्था कुष्ठरोग व या वर्गातील इतर जंतुरोग यांच्या संशोधनासाठीच आहे. १९७६ साली ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे आली. अशा प्रयोगशाळांत जंतूच्या जनुकांवरून त्याची जात ओळखता येते.

पाणी, हत्यारे आणि घाई

हे जंतू शस्त्रक्रियेच्या खोलीत येतात कोठून? याचे उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडते. १९७६ साली अमेरिकेत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या जखमांत या जंतूंचा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर डुकराच्या हृदयापासून तयार केलेल्या झडपाच या जंतूंनी दूषित असल्याचे आढळले, आणि त्या झडपा तर जंतुनाशक द्रवातच ठेवलेल्या होत्या. ब्राझीलमध्ये २००४ ते २००८ या काळात दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर एक हजाराहून अधिक रुग्णांना असा संसर्ग झाला. तेथे सापडलेला जंतूचा वाण दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या नेहमीच्या जंतुनाशकालाही दाद देत नव्हता. २०१३ नंतर युरोपात हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थंड वा गरम राखणाऱ्या यंत्रातील पाण्यातून याच कुळातील दुसरा जंतू पसरल्याचे उघडकीस आले.

भारतात पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. त्यानंतर ती झपाट्याने लहान गावांपर्यंत पोहोचली. तिची हत्यारे लांब, बारीक आणि सांध्यांची असतात. त्यांच्या फटींत रक्त आणि मांसाचे कण अडकतात. एकाच दिवशी अनेक शस्त्रक्रिया असल्या की दोन रुग्णांच्या मध्ये हत्यारे वीस मिनिटे द्रवात बुडवून पाण्याने धुतली जातात. वास्तविक त्याच द्रवाने संपूर्ण निर्जंतुकता साधावयाची असेल तर आठ ते दहा तास लागतात. त्यातही शेवटी हत्यारे नळाच्या पाण्याने धुतली, तर केलेले काम वाया जाते. खरा उपाय साधा आहे: हत्यारे पूर्णपणे सुटी करावीत, घासून स्वच्छ करावीत, दाबाखालील वाफेने निर्जंतुक करावीत, उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी वायूची पद्धत वापरावी, आणि धुण्यासाठी निर्जंतुक पाणीच घ्यावे. हे जंतू द्रवरूप औषधाला टक्कर देतात, पण दाबाखालील वाफेपुढे ते टिकत नाहीत.

काढावे की ठेवावे

निदान झाले तरी सर्वांत कठीण निर्णय पुढेच असतो. अंतर्गळाची जाळी दूषित झाली तर ती काढता येते, पण अंतर्गळ पुन्हा येण्याचे भय असते. कृत्रिम सांधा काढला तर रुग्णाला काही महिने चालणे अवघड होते. हृदयाच्या यंत्राची गोष्ट याहून बिकट आहे. ज्याचे हृदय यंत्रावाचून पुरेसे चालत नाही, त्याचे यंत्र काढावयाचे म्हणजे त्याच्या जीवनाचा आधारच काढणे होय. तरीही अनुभव असा आहे, की यंत्राच्या पेटीभोवती संसर्ग झाला असता केवळ पेटी धुऊन किंवा औषधे देऊन तो सहसा समूळ जात नाही. पेटी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. मध्यंतरी बाहेरून तात्पुरत्या यंत्राने हृदय चालते ठेवतात आणि जखम शुद्ध झाल्यावर दुसऱ्या बाजूस नवे यंत्र बसवितात. अनेक वर्षे राहिलेल्या तारा शिरेला व हृदयाला घट्ट चिकटलेल्या असतात. म्हणून हे काम अनुभवी हातांनीच व्हावयास हवे.

औषधांची निवडही जातीनुसार करावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमिकॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लीन, लिनेझोलिड यांपैकी कोणती चालतील हे प्रयोगशाळेत तपासून किमान दोन औषधे एकत्र देतात, कारण एकाच औषधाने जंतू लवकर निर्ढावतात. ‘फॉर्च्युइटम’ व ‘ॲब्सेसस’ यांच्या बहुतेक वाणांत असे जनुक असते की क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाल्यावर ते जागे होते आणि औषध निरुपयोगी करते; ‘केलोनी’मध्ये ते नसते. उपचार चार ते सहा महिने चालतो. दोन आठवड्यांत व्रण सुकला म्हणून औषध सोडणाऱ्या रुग्णाचा रोग बहुधा परत येतो.

वाराणसीतील नवा प्रयत्न

काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १९७१ साली त्याचे आयुर्विज्ञान संस्थानात रूपांतर झाले. या संस्थानात गेल्या काही वर्षांत एका जुन्या कल्पनेवर नव्याने काम झाले आहे. १८९६ साली आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांना असे आढळले, की गंगा व यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, परंतु पाणी उकळल्यास हा गुण नाहीसा होतो. १९१७ साली फेलिक्स देरेल यांनी जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचे वर्णन करून त्यांना ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव दिले. हँकिन यांच्या निरीक्षणाचा संबंध पुढे अनेकांनी या जंतुभक्षक विषाणूंशी जोडला. प्रत्येक विषाणूचे भक्ष्य ठरलेले असते. तो जंतूत शिरतो, आत वाढतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो. काही विषाणूंपाशी जैवपटलाचे चिकट द्रव्य विरघळविणारी द्रव्येही असतात.

वाराणसीच्या संस्थानातील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ डॉ. गोपाल नाथ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली सशांच्या हाडातील जुनाट संसर्गावर अशा विषाणूंच्या मिश्रणाचा प्रयोग प्रसिद्ध केला. २०१९ साली त्यांनी दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणांच्या वीस रुग्णांवर हे विषाणू वरून लावल्याचा वृत्तांत दिला. तीन ते पाच वेळा लावल्यावर व्रण जंतुरहित होऊन भरू लागले. हे व्रण नेहमीच्या जंतूंचे होते, येथे वर्णिलेल्या दुर्मीळ जंतूंचे नव्हते, आणि वीस रुग्णांवरून सर्वसाधारण सिद्धांत बांधता येत नाही. परंतु त्याच वर्षी लंडनमध्ये फुप्फुसाच्या रोपणानंतर ‘ॲब्सेसस’च्या संसर्गाने आजारी पडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर तीन विषाणूंचे मिश्रण वापरल्याचे प्रसिद्ध झाले. तिच्या छातीची जखम आणि त्वचेवरील गाठी यांत लक्षणीय सुधारणा झाली. त्या तीन विषाणूंपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील एका कुजक्या वांग्यावर सापडलेला होता.

यावरून कोणी गंगेचे पाणी जखमेवर घालू लागला तर तो मोठा अनर्थ होईल. नदीच्या पाण्यात उपयुक्त विषाणू असतील, तसेच तेथे रोगजंतूही असतात, आणि या लेखाचा विषय असलेले जंतू तर पाण्यातच राहतात. प्रयोगशाळेत विषाणू निवडून, वाढवून, शुद्ध करून मगच तो वापरावा लागतो.

रोपण झालेल्या माणसाने मनात भीती बाळगण्याचे कारण नाही. असे संसर्ग थोडेच होतात. पण जुन्या खुणेजवळ गाठ आली, त्वचा तांबूस किंवा पातळ झाली, किंवा स्राव येऊ लागला, तर ते दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रिया केलेल्या वैद्याला दाखवावे. गाठ घरी फोडू नये, उरलेली जुनी औषधे घेऊ नयेत. औषध सुरू होण्यापूर्वी पुवाचा किंवा मांसाचा नमुना घ्यावा आणि तो अधिक दिवस ठेवून या जंतूंसाठी तपासावा, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. थिजलेल्या तुपाने लपलेले शल्य शोधणाऱ्या वैद्याजवळ साधने तोकडी होती, पण दृष्टी सावध होती. आज साधने विपुल आहेत. त्यांच्या जोडीला तीच सावध दृष्टी असली, तर यांतील बहुतेक व्रण वेळीच ओळखले जातील.